अफूचा पाश आणि शान्सीचा पंडित

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई बंदरातून चीनकडे जी जहाजे सुटत, त्यांच्या मालाच्या यादीत कापसाच्या गाठींच्या जोडीला एक जिन्नस हमखास असे. तो म्हणजे माळव्याची अफू. शिंदे-होळकरांच्या मुलखात माघ-फाल्गुनात खसखशीच्या बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करीत आणि तो घट्ट करून, वड्या थापून, पेट्यांत भरून बैलांच्या तांड्यांनी मुंबईस आणीत. एका पेटीत सुमारे १४० पौंड माल मावे. कंपनी सरकारने प्रथम ही अफू अडविण्याचा यत्न केला, कारण पाटणा व गाझीपूर येथे सरकारी मक्त्याने तयार होणाऱ्या अफूशी तिची स्पर्धा होती. ती अडविता येत नाही असे दिसून आल्यावर १८३० च्या सुमारास परवान्याची पद्धत निघाली आणि दर पेटीमागे कर घेऊन सरकारही त्या नफ्याचे वाटेकरी झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांचा चीनशी जो प्रचंड व्यापार चाले, त्यात कापसाबरोबर अफूही होती. त्यांच्या औदार्याने उभे राहिलेले रुग्णालय व कलाशाळा मुंबईत आजही आहेत. त्या दानाला उणेपणा आणण्याचे काही कारण नाही, परंतु त्या पेट्या वगळून मुंबईच्या वैभवाची हकीकत पुरी होत नाही, हेही तितकेच खरे.

ह्या पेट्या दुसऱ्या टोकाला जेथे उघडत, तेथील एका माणसाची ही कथा आहे.

चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली होती आणि लिन त्सशू नावाच्या करारी अधिकाऱ्याने १८३९ साली कँटनजवळ इंग्रज व्यापाऱ्यांच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या. त्यातून युद्ध जुंपले, चीन हरला आणि १८४२ च्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. दुसरे युद्ध १८५६ ते १८६० पर्यंत चालले. त्या काळात झालेल्या तहांनी व करारांनी दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी चीनच्या गळ्यात पडल्या: अफूची आयात कायदेशीर ठरली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात जाण्याची मोकळीक मिळाली. साहेबाच्या एका हातात अफू आणि दुसऱ्या हातात बायबल, असे चिनी मनुष्य म्हणे, त्यात त्याचे काय चुकले? मिशनरी स्वतः अफूचा व्यापार करीत नसत, उलट त्यांतील पुष्कळजण त्याविरुद्ध कंठरवाने बोलत. पण ज्या दरवाजाने अफू शिरली त्याच दरवाजाने ते शिरले होते आणि तो दरवाजा तोफांनी उघडलेला होता.

उत्तर चीनमध्ये शान्सी नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात पिंगयांग (आताचे लिन्फन) शहराजवळच्या एका खेड्यात १८३६ च्या सुमारास शी घराण्यात एक मुलगा जन्मास आला. घराणे शिकलेले, वैद्यकीचा परिचय असलेले आणि खाऊनपिऊन सुखी होते. मुलगा कुशाग्र निघाला. सोळाव्या वर्षी त्याने सरकारी परीक्षेची पहिली पायरी ओलांडून पदवी मिळविली. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर उभ्या असलेल्या त्या परीक्षेला चीनमध्ये केवढे मोल होते, हे आपल्याकडील काशीच्या पंडिताच्या मानावरून थोडेसे ध्यानात येईल. आसपासच्या गावचे लोक तंटे मिटवावयास, अर्ज लिहून घ्यावयास, कज्जे चालवावयास त्याच्याकडे येऊ लागले. लेखणी तिखट, जीभ त्याहून तिखट आणि स्वभाव तापट. त्याच्याशी वाकडे घेण्यास लोक कचरत. घरातही त्याचा दरारा असा की सावत्र आईला त्याने घराबाहेर काढले होते आणि भावांशी त्याचे बोलणे बंद होते.

पहिली बायको वारली, दुसरे लग्न झाले. परंतु वयाच्या तिशीनंतर ह्या पंडिताच्या मनाला एक विषण्णता ग्रासू लागली. मेल्यावर मनुष्याचे काय होते, ह्या प्रश्नाने त्याला झोप येईना. कन्फ्यूशियस ह्या बाबतीत मौन धरतो, म्हणून तो ताओ पंथाच्या ग्रंथांकडे वळला. तेथेही समाधान मिळेना. तशात प्रकृती ढासळली, अन्न पचेना. मित्रांनी सांगितले, थोडी अफू ओढून पाहा, तात्पुरती. अफूने दुखणे थांबते हे खोटे नाही आणि तिच्या फसवणुकीचे मर्म तेथेच आहे. काही दिवस त्याला बरे वाटले. पुढे ती ओढल्यावाचून बरे वाटेनासे झाले आणि त्याहीपुढे ओढूनही बरे वाटेना. तो दिवसेंदिवस बिछान्याला खिळून राहू लागला. एकदा तर आता हा जगत नाही असे समजून घरच्यांनी त्याला प्रेतवस्त्रे नेसविल्याचे त्याच्या चरित्रात नमूद आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या चिलमीत जळणारी अफू माळव्याची किंवा बिहारची होती, असे म्हणता येणार नाही. परदेशी माल कायदेशीर झाल्यावर, आपला पैसा बाहेर का जाऊ द्यावा, म्हणून चिनी शेतकऱ्यांनीच खसखस लावण्याचा सपाटा लावला होता आणि शान्सी त्यात आघाडीवर होता. म्हणजे मुंबई-कलकत्त्याहून चीनला नुसता माल गेला नाही, मागणीही गेली आणि मागणीने पुढे आपला माल आपणच पिकविला. गव्हाच्या व ज्वारीच्या शेतांत खसखस फुलू लागली, तसतशी कोठारे रिकामी होत गेली. १८७६ पासून लागोपाठ पाऊस पडला नाही तेव्हा शान्सीत जो दुष्काळ माजला, त्याला तोड क्वचितच सापडेल. १८७९ पर्यंत उत्तर चीनमध्ये मेलेल्यांची संख्या नव्वद लाखांपासून एक कोटी तीस लाखांपर्यंत धरली जाते. आपल्या दक्षिणेतही १८७६ ते १८७८ ही तीच काळी वर्षे होती, हे ज्यांनी त्या दुष्काळाच्या हकीकती वाचल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

दुष्काळात मदत घेऊन जे परदेशी शान्सीत आले, त्यांत यॉर्क शहरचा डेव्हिड हिल नावाचा वेस्लियन मिशनरी होता. सौम्य, अविवाहित, साध्या राहणीचा हा गृहस्थ पिंगयांगच्या बाजूस घरोघर पैसे वाटीत फिरे. दुष्काळ ओसरू लागल्यावर १८७९ च्या शरद ऋतूत ताय्युआन शहरी प्रांताची मोठी परीक्षा भरली व हजारो पंडित तेथे गोळा झाले. ह्या मानी वर्गापर्यंत पोहोचावयाचे कसे? रस्त्यात उभे राहून प्रवचन करणाऱ्या परदेशी माणसाकडे तो ढुंकूनही पाहत नसे. हिलने मोठी मार्मिक युक्ती काढली. धर्म, मूर्तिपूजा, अफू अशा काही विषयांवर निबंध मागविले व उत्तम निबंधांना रोख बक्षिसे लावली. निबंध म्हटल्यावर चिनी पंडिताचा हात आपोआप शाईकडे जातो. सुमारे १२० निबंध आले. अफूच्या गुंगीत पडलेल्या शी पंडितानेही वेगवेगळ्या नावांनी चार निबंध धाडले आणि चारांपैकी तीन बक्षिसे त्यालाच मिळाली.

बक्षीस घ्यावयास जावे की नाही, ह्याविषयी घरात मोठी चर्चा झाली. परदेशी मनुष्य चेटूक करतो, त्याच्या घरचे काही पोटात गेले की मनुष्य त्याचा होतो, अशी समजूत सर्वत्र पसरलेली होती. तो भीत भीत गेला. हिलशी भेट झाली आणि त्या माणसाच्या डोळ्यांतील सौजन्य पाहून त्याची भीती मावळली, असे तो पुढे सांगत असे. हिलला चिनी लेखनात साह्य करणारा पंडित हवा होता. त्याने शीला आपल्याकडे ठेवून घेतले. धर्मासंबंधी त्याने फारसे छेडले नाही. त्याच्या खोलीत नव्या कराराची एक प्रत मात्र ठेविली. पंडिताला पुस्तक वाचावयास सांगावे लागत नाही. येशूच्या दुःखभोगाच्या कथेपाशी येऊन पोहोचला तेव्हा हा गर्विष्ठ मनुष्य गुडघे टेकून रडला. मेल्यानंतर काय, हा त्याचा जुना प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याला युक्तिवादात न मिळता, आपल्याकरिता कोणी सोसले आहे ह्या जाणिवेत मिळाले.

पण अफू? श्रद्धा बसली म्हणून शरीर ताबडतोब सुटत नाही. त्याने चिलीम खाली ठेवली आणि आठदहा तासांत नाकाडोळ्यांना पाणी, अंगात कळा, पोटात मुरडा, घाम आणि थंडी ह्यांनी त्याला गाठले. सात दिवस आणि सात रात्री त्याला अन्न नाही की झोप नाही. हिलने औषधे आणविली, देशी आणि विलायतीही. त्यांनी गुण येईना. अफूची एक गुडगुडी घेतली असती तर पाच मिनिटांत सर्व शांत झाले असते, आणि ते त्याला ठाऊक होते. तशा स्थितीत तो प्रार्थना करी. आपल्याला ग्रासणारी ही नुसती सवय नसून सैतान आहे आणि मेलो तरी बेहत्तर, पण त्याला शरण जाणार नाही, असा त्याचा हट्ट होता. शेवटी वेदना उतरल्या. आपल्याला औषधाने नव्हे तर पवित्र आत्म्याने सोडविले, ही त्याची मरेपर्यंत निष्ठा राहिली.

आजचे वैद्यशास्त्र सांगते की अफूचा ताण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास जातो आणि बहुधा आठवड्याभरात ओसरतो. तेव्हा सातव्या दिवशी आराम पडला ह्यात निसर्गक्रमाला सोडून काही नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. तथापि तेच शास्त्र असेही सांगते की खरी कसोटी आठवड्यानंतरच लागते. ओढ महिनोन्महिने, कित्येकांत वर्षानुवर्षे टिकते आणि सुटलेली माणसे पुन्हा पडतात. शी त्यानंतर सोळा-सतरा वर्षे जगला आणि पुन्हा कधी चिलमीला शिवला नाही. सात दिवसांचे श्रेय निसर्गाला दिले तरी सतरा वर्षांचा हिशेब शिल्लक राहतोच.

हिल लवकरच हांकौकडे परत गेला. १८८० साली शीने बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःचे नाव ‘शंगमो’ असे ठेवले. सैतानाला जिंकणारा, असा त्याचा अर्थ. नाव जरा बढाईखोर वाटते. पण त्याच्या पहिल्या कृत्यांकडे पाहिले तर ही झुंज बाहेरच्या कोणाशी नव्हती. त्याने घरातील मूर्ती जाळल्या, हे मिशनऱ्यांनी कौतुकाने लिहिले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की सावत्र आईला त्याने सन्मानाने घरी परत आणले आणि ज्या भावांशी बोलणे तोडले होते त्यांच्याकडे स्वतः चालत गेला. गावकऱ्यांनी प्रथम, साहेबाने ह्याला चेटूक केले, असेच ठरविले. काही काळाने त्यांनीच त्याला गावचा मुख्य होण्याची गळ घातली. आपण देवळातल्या यज्ञयागांत भाग घेणार नाही आणि आपल्या कारकिर्दीत गावानेही ते करू नयेत, अशी अट त्याने घातली, आणि नवल म्हणजे गावाने ती मान्य केली. तीन वर्षांनंतर तो हसत म्हणाला की आता ते देव उपासमारीने मेलेच असतील. विनोदातला त्याचा बोचरेपणा धर्मांतराने गेला नव्हता, हे त्यावरून दिसते.

शान्सीत अफूच्या विळख्यात सापडलेले संसार पावलोपावली होते. आपण सुटलो ते इतरांना सोडविण्यासाठीच, अशी शंगमोची खात्री झाली. आरंभी त्याने शेजारच्या गावी औषधाचे एक दुकान घातले, त्यातच प्रार्थना चालत. पुढे अफू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आश्रयगृहे निघाली. मिशनऱ्यांकडून येणारी विलायती औषधे संपली, तेव्हा घराण्यातल्या वैद्यकज्ञानाचा त्याला उपयोग झाला. उपास व प्रार्थना करून त्याने देशी वनस्पतींच्या गोळ्यांचा पाठ बसविला. ह्या स्वावलंबनाचे महत्त्व थोडे नव्हे. त्या काळी चीनमध्ये अफू सोडविण्याच्या म्हणून ज्या गोळ्या विकल्या जात, त्यांतील कित्येकांत मॉर्फिआ असे, म्हणजे अफूचेच सत्त्व. काही मिशनऱ्यांनीही भाबडेपणाने ती वाटली. लोकांनी तिला ‘येशूची अफू’ असे नाव दिले, आणि त्याइतकी झणझणीत टीका कोणा नास्तिकालाही साधली नसती.

ह्या आश्रयगृहांची रीत पाहण्यासारखी आहे. रोगी घोळक्याने येत आणि काही आठवडे राहत. त्यांच्याकडून ठराविक पैसे घेतले जात, कारण फुकट मिळालेल्या सुटकेची किंमत राहत नाही आणि शंगमोला परदेशी मंडळींच्या पैशावर आपले काम चालवावयाचे नव्हते. एका गृहाच्या शिलकीतून दुसरे गृह निघे. दारावर ‘स्वर्गीय निमंत्रणाचे कार्यालय’ अशा अर्थाची पाटी असे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व भजने होत आणि शंगमोने स्वतः चिनी चालींवर रचलेली गीते तेथे गाइली जात. परंतु सर्वांत मोठी गोष्ट अशी की तेथे रात्रभर रोग्याच्या उशाशी बसणारा मनुष्य स्वतः पूर्वीचा अफूबाज असे. तडफडणाऱ्याला तो उपदेश करीत नसे. तिसरी रात्र सर्वांत वाईट असते आणि चवथीला जरा डोळा लागतो, एवढे तो अनुभवाने सांगू शके. पुढे १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दोन दारूबाजांनी एकमेकांना सावरण्यासाठी जी संस्था काढली आणि जी आज जगभर पसरली आहे, तिच्या मुळाशीही हीच कल्पना होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण रोग एकच असल्यावर उतारा सारखा सापडावा ह्यात आश्चर्य ते कसले?

होचौ नावाच्या गावी गृह काढावे, अशी प्रार्थना शंगमो घरी रोज करी. एके दिवशी पत्नीने विचारले, रोज देवाकडे मागता, मग प्रत्यक्ष काढीत का नाही? त्याने सांगितले, पैसा नाही. दुसऱ्या दिवशी तिने अंगठ्या, बांगड्या, केसांतले अलंकार, जे काही लग्नात मिळाले होते ते सर्व त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली की ह्यांच्यावाचून माझे चालेल, होचौला ते मिळू द्या. चिनी गृहिणीला दागिन्यांचे मोल किती, हे मराठी गृहिणीला उलगडून सांगण्याची गरज नाही. गृह निघाले.

अशी गृहे वाढत वाढत शान्सी व शेजारच्या प्रांतांत मिळून चाळीस-पन्नासांच्या घरात गेली. १८८६ साली चायना इनलँड मिशनचा संस्थापक हडसन टेलर तेथे आला आणि त्याने शंगमोला पाळक म्हणून दीक्षा देऊन अनेक मंडळ्यांची देखरेख सोपविली. परंतु सर्वच सुरळीत होते असे समजू नये. शंगमोचा हुकमी स्वभाव काही सहकाऱ्यांना जाचला; ज्यांना त्यानेच वर आणले त्यांतील काहीजण फुटले आणि त्यांनी प्रतिस्पर्धी आश्रयगृहे थाटली. गोळ्यांच्या धंद्यात पैसा आहे हे एव्हाना सर्वांना कळले होते. काही मिशनऱ्यांनाही चिनी माणसाच्या हाती एवढी सत्ता रुचेना. केंब्रिजच्या नावाने ओळखल्या गेलेल्या, १८८५ साली आलेल्या सात तरुणांपैकी डी. ई. होस्ट हा मात्र सुमारे दहा वर्षे शंगमोच्या बरोबरीने, खरे म्हणजे त्याच्या हाताखाली, काम करीत राहिला. इंग्रज तरुणाने चिनी माणसाकडून शिकावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. होस्ट पुढे टेलरच्या मागून त्या मिशनचा प्रमुख झाला.

अफूशी झगडणारा शंगमो एकटा नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १८८२ साली शान्सीचा सुभेदार म्हणून आलेला चांग चर-तुंग हा पक्का कन्फ्यूशियसवादी होता. त्याने खसखशीची लागवड बंद पाडण्याचा नेट धरला आणि ताय्युआनला अफू सोडविण्याचे सरकारी दवाखाने काढले. दारू, तंबाखू आणि अफू ह्या तिन्हींचा त्याग करविणारा ‘त्साय-ली’ नावाचा एक पंथही उत्तर चीनमध्ये होता. पण सुभेदार बदलला की हुकूम थंडावतात. शंगमोच्या गृहांचा टिकाव लागला तो तेथून बाहेर पडणाऱ्या माणसाला नुसती सुटका नव्हे तर पुढे काहीतरी करावयाचे काम मिळे, म्हणून. काल जो रोगी होता तो उद्या दुसऱ्याच्या उशाशी बसावयाचा होता.

इकडे हिंदुस्थानात विलायतेतील लोकमताच्या दडपणाने १८९३ साली अफूच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. कलकत्ता, पाटणा, बनारस, इंदूर असे फिरत ते १८९४ च्या आरंभी मुंबईस आले आणि साक्षी झाल्या. १८९५ च्या अहवालात, हिंदुस्थानात अफूने फारसा अपाय होत नाही आणि बंदीची आवश्यकता नाही, असा निर्वाळा बहुमताने मिळाला. एके काळी सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ सातवा हिस्सा ज्या पदार्थाने दिला, त्याच्याविषयी दुसरा निकाल लागणे कठीणच होते.

१८९६ च्या फेब्रुवारीत शी शंगमो आपल्या खेड्यातच वारला. त्याच वर्षी हांकौला डेव्हिड हिलही मरण पावला. मुंबईहून अफूच्या पेट्या मात्र जातच होत्या. १९०७ साली इंग्लंड व चीन ह्यांच्यात दहा वर्षांत निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला, १९१३ मध्ये चीनसाठी होणारी विक्री थांबली आणि शांघायच्या वखारींत पडून राहिलेल्या शेवटच्या पेट्या चीन सरकारने विकत घेऊन १९१९ च्या जानेवारीत जाहीरपणे जाळल्या. होचौ गावी शंगमोच्या विधवेने काम पुढे चालू ठेवले होते. मिल्ड्रेड केबल आणि ईव्हा फ्रेंच ह्या दोन इंग्रज बायांनी तेथे मुलींची शाळा चालविली आणि पत्नीच्या दागिन्यांतून उभ्या राहिलेल्या त्या कामाची हकीकत मिल्ड्रेड केबलने १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.